बुडबुडे समुद्राचे, पळवाट माणसाची

कॅलिफोर्नियात सांता बार्बराला लागून गोलिटा नावाचं गाव आहे. तिथल्या पुळणीवर अनवाणी फिरून आलेल्या माणसाच्या तळपायाला काळे, चिकट ठिपके लागलेले असतात. साबणाने ते निघत नाहीत. मग जाणकार मंडळी बेबी ऑइल किंवा स्वयंपाकघरातलं तेल चिंधीवर घेतात आणि पाय घासत बसतात. नवखा पाहुणा अशा वेळी समोरच्या समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मकडे बघून बोटं मोडतो. त्या धंद्याची पापं थोडी नाहीत, ती पुढे येतीलच. पण पायाला लागलेलं हे डांबर बहुतेक वेळा त्याचं नसतं. किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर, कोल ऑइल पॉइंट नावाच्या टोकासमोर, समुद्राचा तळच तेल आणि वायू बाहेर टाकत असतो. रोज सुमारे १०० पिंप तेल आणि लाखभर घनमीटर वायू. वारा पडलेला असला, की पाण्याचा एखादा पट्टा आधण आल्यासारखा खदखदताना होडीतून दिसतो.

हा वायू मुख्यतः मिथेन. मुंबई-पुण्यात पाइपने घरोघरी शेगडीपर्यंत येतो, तोच.

तळाखालच्या खडकाला मॉन्टेरे म्हणतात. एक-दीड कोटी वर्षांपूर्वी समुद्रात मरून पडलेल्या सूक्ष्म शैवालांचा गाळ त्यात दाबला गेला, तापला आणि त्याचं तेल नि वायू झाले. पुढे भूगर्भातल्या रेट्याने या खडकाला घड्या पडल्या, भेगा गेल्या. घडीच्या माथ्याशी वायू साचतो आणि वाट मिळेल तिथून वर येतो. पाण्याची खोली तिथे साधारण २० ते ८० मीटर. समुद्राच्या मानाने हे उथळच, आणि पुढची सगळी गोष्ट या उथळपणावर उभी आहे.

डांबराचा हा साठा माणसाला नवा नाही. या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी चुमाश लोक लाकडी फळ्या दोरीने शिवून 'तोमोल' नावाची होडी बांधत आणि फळ्यांमधल्या फटी याच डांबरात पाइनचा चीक मिसळून बुजवत. पाणी ठेवायच्या वेताच्या बाटल्यांनाही आतून डांबराचा लेप असे. १७६९ साली स्पॅनिश मोहीम इथून गेली, तेव्हा चुमाश कारागीर होडी बांधताना दिसले म्हणून सैनिकांनी त्या जागेला 'कार्पिंतेरिया', म्हणजे सुतारशाळा, असं नाव दिलं. ते गाव आजही त्याच नावाने आहे. तेलविहिरी आल्या त्या पुढच्या शतकात. त्यामुळे गळती जुनी आहे, नैसर्गिक आहे, याबद्दल वाद घालायचं कारणच नाही.

वाद सुरू होतो तो 'नैसर्गिक आहे' या दोन शब्दांतून काय निष्कर्ष काढायचा, तिथे. आणि तिथे दोन टोळ्या आहेत. एकीला या बुडबुड्यांत पळवाट दिसते, दुसरीला प्रलय. दोन्ही बाजू शास्त्रज्ञांच्याच निबंधांचे कागद फडकावतात. निबंध शेवटपर्यंत वाचण्याचा त्रास मात्र फारसं कोणी घेत नाही.

आधी पळवाटीचं. १९८२ साली आर्को या तेल कंपनीने कोल ऑइल पॉइंटच्या समुद्रात ६७ मीटर खोलीवर पोलादाचे दोन पिरॅमिड उतरवले. प्रत्येकाचा पाया ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद. तळातून निघणारा वायू या तंबूंखाली गोळा करायचा आणि पाइपने किनाऱ्यावर आणायचा, अशी योजना. कल्पना झकास होती, आणि ती चाललीही. पण कंपनीने हे समाजसेवा म्हणून केलं नव्हतं. हवेत जाणारं इतकं प्रदूषण आम्ही अडवलं, तेव्हा तेवढ्याची सूट आमच्या तेल उत्पादनाला द्या, हा त्यामागचा व्यवहार होता. निसर्गाची गळती प्रथमच जमाखर्चाच्या वहीत आली ती अशी.

त्या वहीत जमेला मांडण्यासारखं बरंच होतं, हेही खरं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार, या गळतीतून हवेत जाणारी धुरकं तयार करणारी रसायनं सांता बार्बरा काउंटीतल्या रस्त्यांवरच्या सगळ्या वाहनांच्या दुपटीएवढी होती. त्याच वर्षी 'जिऑलॉजी' या नियतकालिकात आलेला दुसरा निबंध तर तेलवाल्यांना देवानेच पाठवल्यासारखा वाटला. १९६६ पासून उभ्या असलेल्या 'हॉली' या प्लॅटफॉर्मच्या आसपास, सुमारे एक किलोमीटरच्या परिघात, २२ वर्षांत नैसर्गिक गळती निम्म्यावर आली होती. तेल उपसलं, खालचा दाब घटला, गळती कमी झाली. तर्क सरळ होता. मग काय, 'स्टॉप ऑइल सीप्स' नावाची संघटनाच निघाली आणि तिने प्रचार सुरू केला: पर्यावरण वाचवायचंय ना? मग आणखी विहिरी खणा!

आता या निबंधात काय होतं आणि काय नव्हतं ते पाहावं. एका प्लॅटफॉर्मभोवतीचं, एका विशिष्ट साठ्यावरचं ते निरीक्षण होतं. जगभरच्या समुद्राला लागू पडणारा नियम त्यात सांगितलेला नव्हता. किनाऱ्यावरच्या हवा तपासणी केंद्राच्या जुन्या नोंदी पुढे संशोधकांनी चाळल्या, तेव्हा निघालं ते असं: संपूर्ण क्षेत्राची गळती १९९० पासून १९९५ पर्यंत घटली आणि नंतर २००८ पर्यंत वाढत गेली. हॉलीवरून तेल काढणं तेव्हा चालूच होतं. म्हणजे भूगर्भातली ही यंत्रणा एका नळाने चालू-बंद होणारी नाही.

आणि खणण्याची किंमत? ती याच किनाऱ्याने मोजलेली आहे. २८ जानेवारी १९६९ रोजी युनियन ऑइल कंपनीच्या 'प्लॅटफॉर्म ए'वर विहीर फुटली. ८० हजार ते एक लाख पिंप तेल समुद्रात गेलं. निसर्गाला एवढं तेल गाळायला दोन-अडीच वर्षं लागली असती. हजारो समुद्रपक्षी मेले. तेलाने माखलेल्या पक्ष्यांची छायाचित्रं घरोघर पोहोचली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन साजरा झाला, त्यामागे या दुर्घटनेचा मोठा हात होता. २०१५ मध्ये जवळच्याच रिफ्युजिओ किनाऱ्यावर तेलवाहिनी फुटली. ती वाहिनी बंद पडल्यावर हॉलीचं उत्पादन थांबलं, २०१७ मध्ये तेव्हाच्या मालक कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि प्लॅटफॉर्मवरच्या ३० विहिरी बुजवून घेण्याचं काम राज्य सरकारच्या गळ्यात आलं. गळती कमी करण्यासाठी विहिरी खणा म्हणणाऱ्यांच्या पत्रकांत हा खर्च कुठल्या रकान्यात आहे?

मिथेनचं तर याहून ठळक. कोल ऑइल पॉइंटचा लाखभर घनमीटर वायू धरला, तर ढोबळ हिशेबाने वर्षाला २० हजार टनांच्या आसपास मिथेन होतो. शेजारच्या लॉस एंजेलिस परिसरात अलीसो कॅन्यन इथे, रिकाम्या झालेल्या तेलसाठ्यात वायू भरून ठेवतात. १९५० च्या दशकात खणलेली तिथली एक विहीर ऑक्टोबर २०१५ मध्ये फुटली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ती बुजेपर्यंत सुमारे ९७ हजार टन मिथेन हवेत गेला, हजारो कुटुंबांना घरं सोडून राहावं लागलं. एका जुनाट विहिरीने चार महिन्यांत कोल ऑइल पॉइंटची जवळपास पाच वर्षं उरकली. बाल्टिक समुद्रात सप्टेंबर २०२२ मध्ये नॉर्ड स्ट्रीम वाहिन्या स्फोटांनी फुटल्या, तेव्हा साडेचार लाख टनांहून अधिक मिथेन निसटला. कोल ऑइल पॉइंटला समुद्राने वीसहून अधिक वर्षांत सोडला असता तेवढा वायू माणसाच्या पाइपांतून काही दिवसांत गेला. 'निसर्गही सोडतोच की' असं म्हणणाऱ्याने ही दोन उदाहरणं खिशात ठेवावीत.

आता त्या उथळपणाकडे वळू.

समुद्राच्या तळातून मिथेनचा बुडबुडा सुटला, म्हणजे तो हवेत पोहोचलाच असं नाही. वर येताना त्यातला मिथेन पाण्यात विरघळत जातो आणि पाण्यातला नायट्रोजन, ऑक्सिजन त्यात शिरतो. शंभर मीटरपेक्षा बऱ्याच खोलवरून निघालेला बुडबुडा वर आलाच, तर तोवर त्यात मिथेन नावापुरता उरलेला असतो. पंचवीस-तीस मीटरवरून निघालेल्याला मात्र विरघळायला वेळच मिळत नाही. कोल ऑइल पॉइंटला तळातून निघालेल्या मिथेनपैकी साधारण निम्मा पाण्यात राहतो, निम्मा थेट हवेत जातो. पाण्यात राहिलेला तरी पुढे हवेत जात असेल ना? संशोधकांनी प्रवाहाच्या दिशेने जहाज नेऊन पाणी तपासलं, तेव्हा त्या टापूत विरघळलेल्या मिथेनपैकी जेमतेम एक टक्का हवेत गेलेला आढळला. उरलेला प्रवाहासोबत वाहत जातो आणि वाटेत जिवाणू त्याचा फडशा पाडतात.

या खाणाऱ्यांची मोठी पंगत तर त्याच्याही आधी, तळाच्या चिखलातच बसलेली असते. तिथे ऑक्सिजन नसतो, तरीही मिथेन जळतो. २००० साली आंत्ये बोएशियस या जर्मन शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामातली भागीदारी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिली: आर्किया नावाचे सूक्ष्मजीव आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू एकमेकांना चिकटून गठ्ठ्याने राहतात आणि दोघं मिळून मिथेन संपवतात. समुद्रगाळात तयार होणाऱ्या मिथेनचा फार मोठा वाटा, काही अंदाजांनुसार ९० टक्क्यांपर्यंत, पाण्यात यायच्या आधीच असा संपतो. या प्रक्रियेतून चुनखडीसारखा खडक तयार होतो. डेन्मार्कमध्ये फ्रेडरिक्सहाव्नजवळ, अवघ्या दहा-बारा मीटर पाण्यात, अशा खडकाचे उभे खांब आहेत. त्यांच्या अंगावर समुद्रफुलं, शेवाळ आणि खेकडे यांची दाटी असते आणि फटींतून वायूचे बुडबुडे निघत असतात. वायूगळतीने घडवलेल्या अशा रचनांना युरोपीय कायद्याचं संरक्षण आहे.

पण ही चाळणी सगळीकडे तयार नसते. अंटार्क्टिकात मॅकमर्डो साउंडमध्ये दहा मीटर खोलीवर २०११ साली मिथेनची एक नवी गळती सुरू झाली. तिथे मिथेन खाणारे अपेक्षित सूक्ष्मजीव दिसायला पाच वर्षं लागली. तोवर वायूला वाट मोकळीच होती.

हा तपशील दुसऱ्या टोळीच्या हाती पडला, की त्याचा लगेच बॉम्ब होतो. मिथेनच्या बातमीत 'टाइम बॉम्ब' हा शब्द आल्याशिवाय आपल्याकडच्या वाहिन्यांचंही समाधान होत नाही. सैबेरियाच्या उत्तरेला समुद्राचा एक अफाट उथळ पट्टा आहे. वीस लाख चौरस किलोमीटरचा, सरासरी खोली पन्नासेक मीटर. नतालिया शाखोवा आणि इगोर सेमिलेतोव यांनी तिथे वर्षानुवर्षं जाऊन, हाडं गोठवणाऱ्या थंडीत मोजणी केली. त्यांच्या कष्टांबद्दल आदरच हवा. २०१० मध्ये त्यांनी तिथलं वार्षिक उत्सर्जन ८० लाख टन सांगितलं, २०१३ मध्ये १.७ कोटी टन. त्याच वर्षी 'नेचर'मध्ये दुसऱ्या तिघा लेखकांनी ५,००० कोटी टन मिथेन दहा वर्षांत सुटला तर जगाचं ६० लाख कोटी डॉलरचं नुकसान होईल, असा हिशेब मांडला. तो 'तर' मथळ्यांत शिल्लक राहिला नाही. पुढे स्वीडनच्या 'ओदेन' या बर्फफोड्या जहाजावरून झालेल्या मोजणीत वर्षाचा आकडा तीस लाख टनांच्या आत आला. नॉर्वेच्या स्वालबार्डसमोर २००८ मध्ये सापडलेल्या बुडबुड्यांबद्दलही तापमानवाढीने तळातला, मिथेन कोंडून ठेवणारा बर्फ वितळून वायू सुटू लागला असं वाटलं होतं; २०१४ मध्ये तिथल्या गळतीतून घडलेल्या खडकाचं वय काढलं, तर गळती निदान तीन हजार वर्षं जुनी निघाली.

भीती घालणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, असं म्हणून हे सोडून देता येणार नाही. बॉम्ब वेळेवर फुटला नाही, की लोक सगळंच खोटं समजतात. मग मिथेनची खरी, मोजलेली, रोज घडणारी हानीही कोणी ऐकून घेत नाही. ती हानी लहान नाही. वीस वर्षांच्या हिशेबात एक टन मिथेन एक टन कार्बन डाय-ऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. आतापर्यंतच्या तापमानवाढीत सुमारे अर्ध्या अंशाचा वाटा त्याचा आहे.

मग समुद्राचा वाटा किती? २०१९ मध्ये थॉमस वेबर आणि सहकाऱ्यांनी जगभरातली समुद्रातल्या मिथेनची मोजमापं एकत्र करून उत्तर दिलं: वर्षाला ६० लाख ते १.२ कोटी टन. त्यातला मोठा भाग किनाऱ्यालगतच्या, पन्नास मीटरपेक्षा उथळ पाण्यातून येतो. अथांग महासागराचा त्यातला वाटा किरकोळ. जगाचं एकूण मिथेन उत्सर्जन आहे ५७-५८ कोटी टनांच्या घरात, आणि त्यातलं जवळजवळ दोन-तृतीयांश माणसाच्या उद्योगांतून: जनावरं, भातशेती, कचरा, कोळसा, तेल आणि वायू.

२०२० मध्ये याहूनही बोलका पुरावा आला. बेंजामिन मायल यांच्या गटाने ग्रीनलँडच्या बर्फात अडकलेली, औद्योगिक क्रांतीपूर्वीची हवा तपासली. जमिनीच्या पोटात लाखो वर्षं राहिलेल्या मिथेनमध्ये किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो, त्यामुळे त्याचा वाटा ओळखता येतो. भूगर्भातून नैसर्गिकरीत्या वर्षाला चार-सहा कोटी टन मिथेन येतो, असं तोवर धरलं जात होतं. बर्फातल्या हवेने सांगितलं: सरासरी १६ लाख टन, फार तर ५४ लाख. ज्युसेप्पे एतिओपे यांच्यासारख्या भूगर्भगळतीच्या अभ्यासकांना हे मान्य नाही. जमिनीवर आणि समुद्रात प्रत्यक्ष मोजलेले आकडे यात बसत नाहीत, असं ते म्हणतात. हा वाद अजून चालू आहे. पण मायल यांचा आकडा बरोबर असेल, तर निसर्गाच्या नावावर टाकलेला बराच मिथेन माणसाच्या खात्यात जातो आणि कोळसा, तेल, वायू या धंद्यांचं उत्सर्जन २५ ते ४० टक्क्यांनी कमी सांगितलं गेलं, असा त्याचा अर्थ होतो. आणि एतिओपे बरोबर असले, तरी माणसाचा वाटा सर्वांत मोठाच राहतो.

हे सगळं परदेशचं असं समजायचं कारण नाही. अरबी समुद्राच्या तळाशीही वायू आहे. २४ सप्टेंबर २०१३ रोजी बलुचिस्तानात मोठा भूकंप झाला आणि ग्वादरजवळच्या उथळ समुद्रात काही तासांत चिखलाचं बेट वर आलं. त्याच्या फटींतून निघणारा वायू लोकांनी काडी लावून पेटवून पाहिला. तो मिथेन होता. लाटांनी २०१६ च्या अखेरपर्यंत ते बेट धुऊन नेलं.

आपला किनारा इतका नाटकी नाही. पण गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना पश्चिम किनाऱ्यासमोरच्या गाळात वायू असल्याच्या खुणा केव्हाच सापडल्या आहेत. ध्वनिलहरी तळाकडे सोडून परतलेल्या आवाजावरून गाळाचे थर कागदावर उमटवतात. काही ठिकाणी हे थर मध्येच गायब होतात, आलेखावर नुसता धूसर पट्टा दिसतो. गाळात अडकलेला वायू आवाज खालीच जाऊ देत नाही. एच. एन. सिद्दिकी आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हे प्रसिद्ध केलं. १९९४ मध्ये करिसिद्दय्या आणि वीरय्या यांनी, हा वायू हरितगृह वायूंचा एक स्रोत असू शकतो, असंही मांडलं. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी शंभरहून अधिक मीटर खाली होती आणि आज मुंबई-रत्नागिरीसमोर पाण्याखाली असलेला मोठा प्रदेश कोरडी जमीन होता. पाणी चढलं तशा नद्यांची मुखं, दलदली, झाडोरा बुडाला, त्यावर चिखल बसला. चिखलाखाली अडकलेलं सेंद्रिय द्रव्य कुजून त्याचा मिथेन बनतो. कोल ऑइल पॉइंटच्या तापलेल्या खडकातल्या वायूपेक्षा हा प्रकार निराळा. याला तेलाचा साठा लागत नाही. मुंबई हायसारख्या क्षेत्रात प्लॅटफॉर्मचे पाय रोवणाऱ्या आणि वाहिन्या टाकणाऱ्या अभियंत्यांना अशा गाळाचा धाक असतो, कारण वायू भरलेला चिखल भार पेलत नाही.

चिखलात वायू असणं आणि तो हवेत पोहोचणं यांत किती अंतर असतं, ते वर आलंच आहे. म्हणून आपल्या समुद्राबद्दल घाबरवणारा मथळा देऊ नये आणि 'समुद्रच सोडतोय, आपण काय करणार' असा उसासाही टाकू नये. नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०२२ मध्ये उपग्रहांतून ब्वेनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या चार शहरांवरचा मिथेन मोजला. या शहरांचं उत्सर्जन जागतिक नोंदवहीत धरलेल्या आकड्यांच्या १.४ ते २.६ पट निघालं, आणि काही शहरांत त्यातला मोठा वाटा कचऱ्याच्या डेपोचा होता. २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी घटवण्याच्या जागतिक करारावर भारताने सही केलेली नाही. शेतकऱ्याच्या जनावरांवर आणि भाताच्या खाचरांवर गदा येऊ नये, ही भूमिका समजण्यासारखी आहे. डम्पिंग ग्राउंडला मात्र ती लागू होत नाही. तिथे ना बैल आहे ना भात.

तेव्हा दोन गोष्टी सरकारकडे मागायला हव्यात. पालिकांनी आपापल्या कचराडेपोंतून निघणारा मिथेन मोजून दर वर्षी आकडे जाहीर करावेत, ओला कचरा तिथे जाणं थांबवावं आणि साठलेल्या ढिगांतला वायू काढून वापरावा. आणि केंद्राने, समुद्रविज्ञान संस्थेला पैसा आणि जहाजाचा वेळ देऊन, डहाणूपासून काणकोणपर्यंतच्या उथळ पाण्यातल्या मिथेनची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर नियमित मोजणी करून घ्यावी, आणि ते आकडे कोणालाही पाहता येतील असे खुले ठेवावेत.